डाव्या हाताची गाडी

मे महिन्यात माझ्या फोनवर एक फोटो आला. भेगाळलेला चिखल आणि त्यातून वर आलेलं एका जुन्या लॉरीचं गोल मडगार्ड. खाली एक ओळ होती : "ताई, ही गाडी कुठली, ओळखता येईल का?"

लांज्याजवळ हायवेला आमचं गॅरेज आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवते. जुन्या विलायती आणि अमेरिकन गाड्या हा आमच्या घरचा नाद. लोक कुठून कुठून फोटो पाठवतात. कुणाच्या मॉरिसमध्ये कोंबड्या बसलेल्या असतात, कुणाच्या जीपला वडाच्या पारंब्यांनी धरलेलं असतं. मी चहा पिता पिता उत्तरं देते. या फोटोला मात्र उत्तर देता येईना. गोल मडगार्ड इंग्लंडच्या बेडफर्डलाही असायचं आणि अमेरिकेच्या शेवरोलेटलाही. चिखल काढून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, असं मी कळवलं. लगेच उलट निरोप आला : "मग या. पाणी परत चढायच्या आत या."

मी गेले. इतकं लांब एका मडगार्डासाठी का गेले, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

जुळे सोलापूर

आमच्या कोकणात मे महिन्यात घाम येतो. सोलापुरात घामही येत नाही, तो बाहेर पडायच्या आत वाळतो. बसमधून उतरले तेव्हा दुपार होती आणि रस्त्यावर माणूस नव्हतं. दुकानांची शटरं अर्धी ओढलेली, कुत्री गटाराच्या फरशीखाली. रिक्षावाल्यानं तोंडाला ओला पंचा गुंडाळला होता. वाटेत एका गल्लीतून मागांचा खटखटाट ऐकू आला, तेवढाच काय तो जिवंतपणाचा आवाज.

फोटो पाठवणाऱ्या सुजाता गायकवाड जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहतात. माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. पन्नाशी ओलांडलेल्या, बोलणं मोजकं, उत्तर तपासून घेतल्यासारखं. घरात त्या आणि त्यांची आई सोनाबाई, दोघीच. बैठकीच्या खोलीत बुद्धाची लहानशी मूर्ती होती. भिंतीवर वडलांचा फोटो नव्हता.

जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. आम्ही भातखाऊ माणसं. पापडासारखी मोडणारी भाकरी मी प्रथमच खाल्ली. दह्यात भिजवून खायची, हे न कळल्यानं माझी हिरडी सोलली. सोनाबाई तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसल्या. मग त्यांनी विचारलं, "गाडी चालवती का गं तू?"

चालवते, म्हटलं.

"डाव्या हाताची?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. त्याच्यामागची हकिगत सुजाताताईंनी सांगितली.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकन फौजेनं आपल्या लॉऱ्या इथंच टाकल्या. त्या लिलावात गेल्या, हातोहात फिरल्या. हे मला ठाऊक होतं. माझ्या वडलांचे पहिले धडे असल्याच गाड्यांवर झाले. अमेरिकेत रस्त्याची उजवी बाजू धरून चालतात, म्हणून त्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे. आपल्याकडे ज्यांना परवडलं त्यांनी ते उजवीकडे आणून घेतलं. काशिनाथ गायकवाडांना, म्हणजे सुजाताताईंच्या वडलांना, ते परवडलं नाही. त्यांची शेवरोलेट लॉरी डाव्या हाताचीच राहिली. पेट्रोल फार पिते म्हणून मूळ इंजिन काढून त्यांनी तिच्यात विलायती डिझेल इंजिन बसवलं होतं. सांगाडा अमेरिकेचा आणि काळीज विलायतेचं, असं ते सगळ्यांना सांगत.

आपल्या रस्त्यावर डावीकडे बसलेल्या ड्रायव्हरला पुढच्या बैलगाडीपलीकडचं काही दिसत नाही. उजव्या बाजूला दुसरं माणूस लागतं. त्यानं डोकं बाहेर काढून बघायचं आणि सांगायचं, रस्ता मोकळा आहे की नाही. काशिनाथांच्या गाडीवर ते माणूस म्हणजे सोनाबाई. लग्न झाल्यापासून त्या नवऱ्याच्या उजव्या बाजूला बसून माढा, बार्शी, पंढरपूर फिरल्या. बाईमाणूस लॉरीत बसतं म्हणून गावानं नावं ठेवली, तरी बसल्या.

मग धरण आलं. गावाला माळावर नवी जागा मिळाली. ज्या वर्षी पाणी अडवलं त्या वर्षी लोक शेवटपर्यंत जुन्या घरांचं लाकूड काढून नेत होते. सुजाता तेव्हा पहिलीत होती आणि तापानं फणफणली होती, म्हणून सोनाबाई माळावर थांबल्या. काशिनाथ एकटेच लॉरी घेऊन घराचं लाकूड आणायला गेले. ते परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिथं नुसतं पाणी होतं.

"आणि गाडी?" मी विचारलं.

"तीच तर गोष्ट आहे की," सुजाताताई म्हणाल्या. बुडालेला माणूस आज ना उद्या वर येतो, असं लोक म्हणाले. इथं माणूसही नाही आणि लॉरीही नाही. म्हणजे घेऊन पळाला. आठ दिवसांत कुणीतरी सांगितलं की होटगीकडच्या रस्त्याला ती गाडी दिसली. मग आणखी कुणी अक्कलकोटच्या पुढे पाहिली. तिकडे त्याची बाई आहे, इथपर्यंत गोष्ट गेली. डाव्या हाताची गाडी जिल्ह्यात फार नव्हती, त्यामुळे पाहणाऱ्यांच्या मनात शंका नव्हती. कितीतरी वर्षं ती लोकांना दिसत राहिली.

सोनाबाई हे सगळं ऐकत शेंगा निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता एवढंच म्हटलं, "त्यो गेला न्हाय कुटं. तितंच हाय."

धरणाकडे

सकाळी सुजाताताईंच्या गाडीनं निघालो. सोनाबाई मागं बसल्या होत्या. माढ्याच्या पुढे एका टपरीवर चहाला थांबलो तेव्हा त्या उतरल्या नाहीत आणि सुजाताताईंनी मला बाजूला घेतलं.

त्यांनी सांगितलं की धरणाच्या कंत्राटदाराच्या बेडफर्ड लॉऱ्या होत्या, त्यातल्या काही मोडक्या तिथंच टाकल्या गेल्या. गाळ काढताना वर आलेली गाडी त्यातलीच असणार, असं सगळं गाव म्हणतं. आई मात्र दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की येऊन काठावर बसते. आता ऐंशीच्या घरात आली, उन्हात पडली तर? गाडी बेडफर्ड आहे असं कुणी जाणकारानं तोंडावर सांगितलं तर ती थांबेल, यासाठी त्यांनी मला बोलावलं होतं.

"ती बेडफर्डच असणार, ताई," त्या म्हणाल्या. "कारण वडलांना मी पाहिलंय."

काशिनाथ गेल्यावर मायलेकी होटगीला मामाकडे राहायला गेल्या. मामा रेल्वेत होता. सुजाता पाचवीत असताना एका दुपारी शाळेतून येत होती आणि फाटक बंद होतं. पलीकडे ती लॉरी उभी होती. डावीकडे वडील होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, सरळ, बराच वेळ. मग मालगाडी आली. ती गेली तेव्हा पलीकडचा रस्ता रिकामा होता, आणि धूळसुद्धा उडालेली नव्हती.

"मला ओळखून गेले ते," सुजाताताई म्हणाल्या. "आईला मी कधी सांगितलं नाही."

मी गाडी काय असेल ते सांगेन, दुसरं काही सांगणार नाही, असं म्हटलं. त्यांनी मान डोलावली. पण चहा तसाच टाकला.

पाण्याखालचं गाव

उतरलेलं धरण मी पूर्वी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे नदी आटली तरी काठ हिरवा असतो. इथं काठच नव्हता. ऊस संपला की एकदम राखाडी, भेगांची जमीन, पार क्षितिजापर्यंत, आणि फार लांब पाण्याची एक चकाकती रेघ. मध्ये बाभळीचे काळे बुंधे उभे होते. इतकी वर्षं पाण्याखाली राहूनही ते पडले नव्हते, त्यांच्या फांद्यांना जाळ्यांच्या चिंध्या लोंबत होत्या. वारा नव्हता. पक्षी होते, पण ते ओरडत नव्हते.

ज्ञानू नावाचे एक मासेमार आमची वाट पाहत होते. गाडी पहिल्यांदा त्यांनीच पाहिली. शेतात टाकायला गाळ नेणाऱ्या जेसीबीचं बकेट टपाला लागलं, आणि चालवणारा मशीन तिथंच सोडून निघून गेला, तो परत आला नाही. का, ते ज्ञानूंनी सांगितलं नाही. 

लॉरी समोर दिसत होती. ज्ञानू सरळ निघाले, मी त्यांच्या मागे. वीसेक पावलांतच माझा पाय पोटरीपर्यंत आत गेला. वरचा पापुद्रा वाळलेला, खाली लोण्यासारखा गाळ. पाय निघाला, बूट राहिला. ज्ञानू तर मांडीपर्यंत रुतले होते.

मागून सोनाबाई म्हणाल्या, "तिकडनं न्हाय जायाचं. तिकडं हीर हाय."

मग विहिरीची जागा टाळून त्या पुढे झाल्या. काही अंतर सरळ चालल्या, एका ठिकाणी काटकोनात वळल्या, पुन्हा सरळ. समोर काहीच नव्हतं, नुसता चिखल. पण त्या अशा चालत होत्या की दोन्ही बाजूंना घरं असावीत. अरुंद जागी अंग चोरलं. एका ठिकाणी पाय उचलून पायरी चढल्या, तिथं पायरी नव्हती. मी एका पायात बूट आणि एक पाय अनवाणी, त्यांच्या पावलावर पाऊल टाकत गेले. त्यांच्या वाटेवर जमीन दगडासारखी घट्ट होती.

मध्येच त्यांनी पायांतल्या चपला काढल्या, हातात घेतल्या आणि पदर डोक्यावरून ओढून घेतला. मान खाली घालून थोडं चालल्या. सुजाताताईंचा चेहरा बदलला.

"आई, कोण आहे इथं आता? चप्पल घाल."

"चावडी हाय," सोनाबाई हळू म्हणाल्या. "बसल्यात."

मी तिकडे पाहिलं. रिकामा चिखल, त्यावर उन्हाची झळ हलत होती. खरं सांगते, मी तिकडे पुन्हा पाहिलं नाही. पुढं गेल्यावर त्यांनी चपला घातल्या.

लॉरीजवळ पोचलो. खिडक्यांपर्यंत गाळात, नाक थोडं वर. जेसीबीनं एका बाजूनं चर काढून ठेवला होता, त्यामुळे दार मोकळं होतं. मी पिशवीतून खरवडायचा पत्रा आणि ब्रश काढला, ज्ञानूंनी फावडं घेतलं, आणि आम्ही केबिनमधला गाळ काढू लागलो. उजवीकडून सुरुवात केली, कारण बेडफर्ड असेल तर स्टिअरिंग उजवीकडे मिळायला हवं होतं. गाळ थंड होता. बाहेर अंगार आणि आत हात घातला की विहिरीतला गारवा. उजवीकडे काहीच मिळालं नाही, फक्त सीटचा लोखंडी सांगाडा.

डावीकडे माझा हात एका दांड्याला लागला. तो तिरका वर येत होता, आणि त्याच्या टोकाला स्टिअरिंगचा लोखंडी गाभा होता.

मी पुढे जाऊन बॉनेटचा कुजलेला पत्रा उचलला. आत डिझेलचा पंप आणि त्याच्या सहा नळ्या होत्या. अमेरिकन सांगाड्यात विलायती इंजिन. अशी दुसरी गाडी तिथं असण्याचं कारण नव्हतं.

"बेडफर्ड नाही," मी म्हटलं.

सुजाताताई चरात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं की वडील आत आहेत का. मी पुन्हा आत गेले आणि आता मेकॅनिकच्या नजरेनं पाहिलं. डावं दार बंद होतं. हँडब्रेक पूर्ण ओढलेला. गिअर न्यूट्रलला. खाली उतरून चर थोडा वाढवला, तर मागच्या चाकाला पुढून-मागून दोन घडीव दगड लावलेले. हौद्याची मागची फळी उघडी, आणि गाळ सारला तर हौद्यात लाकडं, एकावर एक नीट रचलेली. अर्धाच हौदा भरला होता.

पळून जाणारा माणूस चाकाला दगड लावत नाही, हे मी त्यांना सांगितलं. गाडी बुडत असताना आत अडकलेला माणूस दार लावून हँडब्रेक ओढत नाही. हा माणूस गाडी उभी करून लाकडं भरत होता. एक खेप ठेवून तो पुढची आणायला गेला.

"कुठं?" सुजाताताईंनी विचारलं.

लॉरीची मागची बाजू जिकडे होती तिकडे आम्ही तिघांनी पाहिलं. सोनाबाई केव्हाच तिकडे गेल्या होत्या. लॉरीपासून थोड्या अंतरावर त्या वाकल्या, जशी बाई बुटक्या दाराखालून आत जाताना वाकते, आणि पलीकडे जाऊन खाली बसल्या. त्या कुणाशी तरी बोलत होत्या. शब्द ऐकू येत नव्हते, पण सूर घरातला होता, जेवायला वाढताना बोलावं तसा.

इकडच्या जुन्या घरांवर माळवद असतं, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर देऊन केलेलं सपाट छप्पर. खालचं लाकूड चुकीच्या क्रमानं काढलं की वरची सगळी माती एकदम खाली येते. ज्ञानूंनी काठावरच्या ट्रॅक्टरवरून दोन माणसं बोलावली. सोनाबाई बसल्या होत्या तिथं खणायला सुरुवात केली. त्या थोड्या सरकल्या, उठल्या नाहीत. आडवी तुळई लागली. तिच्याखाली आधी दोन चपला मिळाल्या, टायरच्या तळव्याच्या. रबराला काही झालं नव्हतं.

सोनाबाईंनी त्या हातात घेऊन पुसल्या. "आपल्याच गाडीच्या टायरच्या हायत," त्या मला म्हणाल्या, जणू मी विचारलं होतं.

त्यापुढचं मी पाहिलं नाही. सुजाताताईंनी पाहिलं. पोलीस आले, पंचनामा झाला, हाडं तपासणीला न्यायची ठरली. नेण्याआधी सुजाताताईंनी गाळातच उभं राहून त्रिशरण म्हटलं. सुरुवातीला आवाज वर्गातल्यासारखा स्पष्ट होता, मग फुटला. ज्ञानूंनी डोक्यावरची टोपी काढली.

होटगी

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही होटगीला मामांकडे गेलो. त्यांना ही बातमी फोनवर सांगायची नाही, असं सोनाबाईंचं म्हणणं होतं. मामा अंथरुणाला खिळलेले. त्यांनी ऐकलं, बहिणीचा हात धरला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांच्या सुनेनं आम्हाला शेंगांची पोळी आणि दूध दिलं. 

तिथून निघाल्यावर सुजाताताईंनी एका जुन्या फाटकाजवळ गाडी थांबवली. आता ते वापरात नाही. रुळांच्या पलीकडे पांढरा फटफटीत रस्ता आणि एक लिंबाचं झाड. रात्रभर त्या जाग्या होत्या, हे डोळ्यांवरून दिसत होतं. त्यांनी आईला पाचवीतली ती दुपार सांगितली. वडील गावात तुळईखाली होते, गाडी गाळाखाली होती, मग इथं मी काय पाहिलं, असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्या आईला विचारत होत्या की मला, कळलं नाही.

सोनाबाईंनी खिडकीतून पलीकडे पाहिलं. "एकलाच हुता का त्यो?"

सुजाताताईंनी रुळांपलीकडे पाहिलं. त्यांचे हात स्टिअरिंगवर होते.

"नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "उजव्या बाजूला तू होतीस."

हे त्यांनी मला टपरीवर सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. मालगाडी गेल्यावर त्या घरी धावत सुटल्या होत्या. आई ओसरीवर झोपलेली होती. पण तिचे केस धुळीनं भरले होते आणि पदराला डिझेलचा वास येत होता. पाचवीतल्या मुलीनं त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला : ही दोघं मला सोडून एकमेकांना भेटतात. तेव्हापासून त्या आईशी गरजेपुरतं बोलत. नोकरी लागल्यावर तिला जवळ ठेवलं, औषधपाणी केलं, कशाला कमी पडू दिलं नाही. पण विचारलं कधी नाही.

सोनाबाईंना नवल वाटलं नाही. रागही आला नाही.

"व्हय, जायाचे मी," त्या म्हणाल्या. "दुपारचा डोळा लागला की जायाचे. मी नसले तर त्याला फुडचं दिसत न्हाय की. त्या दिशी फाटकाला गाडी लई येळ थांबली. तू पलीकडं हुतीस, दप्तर घिऊन. मी हाका मारल्या तुला. तुला ऐकू गेल्या न्हाईत."

गाडीचा एसी चालू होता, तरी माझ्या पाठीवरून घाम उतरला. सुजाताताईंनी इंजिन बंद केलं. मग दार उघडून त्या मागच्या सीटवर गेल्या आणि आईशेजारी बसल्या.  मी खाली उतरले, रूळ ओलांडून लिंबाच्या सावलीला गेले आणि बराच वेळ उभी राहिले. रुळांवर काही आलं नाही, गेलं नाही.

मी लांज्याला परतले तेव्हा आमच्याकडे पहिल्या सरी होऊन गेल्या होत्या. तिकडे अजून थेंब नव्हता. लॉरी हवी असेल तर घेऊन जा, असं सोनाबाई मला निघताना म्हणाल्या होत्या. अशी गाडी मिळायला माझ्यासारखी माणसं आयुष्य घालवतात. मी नको म्हटलं.

पुढं वरच्या धरणांतून पाणी सुटलं आणि गाव पुन्हा बुडालं. ते सांगायला सुजाताताईंचा फोन आला. अस्थी मिळाल्या होत्या, विधी झाला होता, भिंतीवर वडलांचा फोटो लागला होता. मी आईची चौकशी केली.

"तब्येत चांगली आहे," त्या म्हणाल्या. "फक्त दुपारी झोपत नाही आता. खुर्ची घेऊन गॅलरीत बसून राहते. झोप म्हटलं तर म्हणते, झोपून जाऊ कुठं?"